चकचकीत प्लेटी

मार्च १९७४. आवारातल्या कडुलिंबांच्या बुंध्यांना ओला गेरू.

प्राचार्यांच्या कपाटातले फुलाफुलांचे कप. फक्त पाहुण्यांसाठी.

खाणीवरून पिशवीत घालून आणलेले काळे दगड.

बाहेरगावच्या परीक्षकांची पांढरीशुभ्र पँट.

नागपूरच्या एका कॉलेजात भूशास्त्राचं प्रॅक्टिकल शिकवणाऱ्या श्रीधरनं हे सगळं एका सकाळीत एकत्र आणलं. त्याची नोकरी हंगामी होती. परीक्षक आनंदरावांनी चांगला शब्द टाकला, तरच कायम होणार होती. परीक्षेच्या तोंडावर त्यानं प्लेटींचा खोका उघडला आणि एकेक प्लेट उलटून पाहिली.

खडबडीत चिनीमातीच्या या प्लेटींवर खनिज घासायचं आणि रेघेच्या रंगावरून ओळखायचं. हेमॅटाइट दिसतं काळं, पण रेघ ओढतं लाल. आज मात्र प्लेटी आरशासारख्या चमकत होत्या.

"लहानू! हे काय केलं गा?"

"ऑइलपेंट!" शिपाई लहानू फुशारला. "प्राचार्य म्हणे, कळकट दिसन ते रंगव. याच्यावर तं रेघाच रेघा! पोट्ट्यांनी पार घाण करून ठेवल्या होत्या, सर."

"अरे, त्या रेघांसाठीच असतात त्या!"

"मंग पहिले सांगाचं ना. झाडं रंगवली तवा काहून नाही बोलले?"

श्रीधरनं दगड घासून पाहिला. तो सुळकन घसरला. आता नोकरीही तशीच जाणार. तेवढ्यात त्याला आठवलं, कपाच्या बुडाची कडा खडबडीत असते. त्यानं प्राचार्यांचं कपाट उघडलं. आनंदराव पलीकडच्या खोलीत तोंडी परीक्षा घेत होते, तोवर मुलांनी कप पालथे घालून रेघा ओढल्या, परीक्षा पार पडली. श्रीधर घाम पुसतो न पुसतो, तोच लहानू आनंदरावांसाठी त्याच कपातून चहा घेऊन हजर.

"धुतला का?" श्रीधर कुजबुजला.

"आतून धुतला ना. चहा का बुडाखालून पेतेत?"

बशीत चहा सांडला होता. आनंदरावांनी कप उचलला आणि पांढऱ्या पँटीवर लाल थेंब पडला. मग दुसरा. श्रीधरनं डोळे मिटले.

"हेमॅटाइट," आनंदराव मांडीकडे पाहत म्हणाले. एका घोटात चहा संपवून त्यांनी कप पालथा केला. "प्लेटी कुठे आहेत?"

श्रीधरनं मान खाली घालून सगळं सांगितलं. लहानूनं एक चकचकीत प्लेट पुढं ठेवली, कौतुकाच्या अपेक्षेनं.

आनंदरावांनी प्लेटीवरून बोट फिरवलं.

"नशीबवान आहात," ते म्हणाले. "आमच्या शिपायानं दगडच रंगवले."

निघताना त्यांनी प्राचार्यांना बाजूला घेतलं. "या मुलाला सोडू नका. कायम करा."

"हो हो, अगदी!" प्राचार्य म्हणाले.

दाराआडून ऐकणाऱ्या श्रीधरनं लहानूला मिठी मारली.

ती जागा रद्द झाल्याचं पत्र सोमवारपासूनच प्राचार्यांच्या खिशात होतं.