गनीचा दोन इंची झोपाळा

"मी रविवारच्या विमानाने गावाला जाते," चहात बिस्कीट बुडवता बुडवता खतीजाबींनी सांगितलं, आणि त्यांच्या मुलाच्या, गनीच्या, हातातला कप बशीवर आपटला.

रास अल खैमाच्या त्या फ्लॅटमध्ये खतीजाबी रत्नागिरीहून आल्या होत्या त्या नातवासाठी. रेहान चार महिन्यांचा होता. त्याच्या आईची, नबिलाची, रजा संपत होती आणि सोमवारी तिला ऑफिसात हजर व्हायचं होतं. नबिलाने बॉसला, गनीने व्हिसाच्या माणसाला आणि दोघांनी एकमेकांना सांगून ठेवलं होतं की अम्मी अजून चार-पाच महिने आहेत. अम्मींना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"पण का, अम्मी? काही कमी पडतंय का?"

"कमी कसली? एसी आहे, टीव्ही आहे. पण करमत नाही रे. गावी असते तर या वेळी झोपाळ्यावर बसले असते."

नबिलाचा चेहरा पांढरा पडला. गनीचा मात्र उजळला. झोपाळा ही लोखंडाची गोष्ट होती, आणि लोखंड हा गनीचा विषय होता.

गनी टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये पर्चेस ऑफिसर होता. पाइप आणि ट्यूब यांतला फरक समोरच्याला समजावून दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पाइप पोटातून मोजतात, कारण त्यातून काहीतरी वाहायचं असतं. ट्यूब बाहेरून मोजतात, कारण तिला काहीतरी पेलायचं असतं. त्यामुळे दोन इंची ट्यूब बाहेरून बरोबर दोन इंच भरते, आणि दोन इंची पाइप बाहेरून जवळजवळ सेंटिमीटरभर जास्त. हे त्याने नबिलाला लग्नाआधीच्या पहिल्या फोनवर सांगितलं होतं. तरीही तिने होकार दिला, याचं तिच्या मैत्रिणींना अजून आश्चर्य वाटतं.

भाड्याच्या घरात छताला भोकं पाडता येत नाहीत, म्हणून गनीने उभ्या सांगाड्याचा झोपाळा कागदावर काढला. अम्मींच्या खोलीत कपाट आणि दार यांच्यामध्ये तो बसणार होता. पाइपचे आखूड तुकडे, त्यांत सरकणारे ट्यूबचे पाय, आणि वरून बोल्ट. वेल्डिंग नको, म्हणजे पुढे कधीही सुटा करता येईल. आत उघडणाऱ्या दाराला बोटभर जागाही राहत होती. मग त्याने मीटिंगमधून हळूच बाहेर येऊन दुकानदाराला फोन केला.

"हबीबी, माप व्हॉट्सॲप किया है. सब दो इंची भेजो. यल्ला, जल्दी!"

पाइप आणि ट्यूब या दोन शब्दांपैकी एकही तो बोलला नाही. मापांच्या कागदावरही नव्हता. आयुष्यभर तेच बोलल्यामुळे ते सगळ्या जगाला पाठ झालंय असं त्याला वाटलं असावं.

शनिवारी दुपारी माल आला. सगळा पाइप.

पाइपमध्ये तेवढाच पाइप जात नाही. गनीने आधी जोर लावला, मग खोबरेल तेल लावलं, मग जमिनीवर बसून तो नुसता बघत राहिला. शेवटी त्याने ड्रॉवरमधून वायरी जोडायचं पेन्सिलीएवढं सोल्डरिंग आयर्न काढलं. सोल्डरचे थेंब जाड पाइपवरून टपाटप घरंगळून लादीवर पडले.

"शेक देतोयस का रे त्याला?" अम्मींनी काळजीने विचारलं. "कंबर धरली वाटतं."

मग गनीने वर्कशॉपमधल्या किसनला फोन लावला. किसन साताऱ्याकडचा वेल्डर, उत्साही माणूस. पिकअप घेऊन तो लगेच आला आणि सोल्डरचे मणी बघून मोठ्याने हसला.

"गनीभाई, हे वायरीला चालतं. हे नुसतं वरून चिकटतं बघा, चाची. ब्रेझिंग त्याहून पक्कं. पितळ वितळवून फटीत उतरवायचं, एसीच्या नळ्यांना करतात तसं. पण मूळ धातू दोन्हींत तसाच राहतो. वेल्डिंगमध्ये कसं, दोघंबी वितळणार आणि एक होणार."

अम्मींनी क्षणभर विचार केला. "म्हणजे पहिली मंगनी, दुसरा निकाह, आणि हे तुझं तिसरं म्हणजे पोरं झाल्यावरचं."

"करेक्ट, चाची! सुटका नाही!"

बाळाला धूर लागू नये म्हणून किसनने खोलीचं दार लावून घेतलं. अम्मींना त्याने काळी काच दिली आणि पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं. ठिणग्या उडाल्या. गनी कागद हातात धरून सांगत होता, किसन जोडत होता. सांगाडा उभा राहिला, फळी साखळ्यांना लागली, आणि गनीने समाधानाने कपाळ पुसलं.

त्याच वेळी बिल्डिंगचा फायर अलार्म वाजायला लागला.

तो आवाज इतका भयंकर होता की किसनने हातातली हातोडी टाकून कान धरले. बाहेरून नबिला ओरडली, "अहो, बाहेर या! सगळी बिल्डिंग खाली करतायत!"

गनीने दार ओढलं. ते अर्धं बोट उघडलं आणि टणकन थांबलं. पुन्हा ओढलं, पुन्हा टणकन. दार सांगाड्याच्या पायावर आपटत होतं.

"इथं जागा होती," गनी पुटपुटला. "मी मोजली होती. बोटभर होती."

फटीत नबिलाचा एक डोळा दिसला. तो आधी गनीवर फिरला, मग लोखंडाच्या पायावर थांबला.

"हे पाइप आलेत ना?" फट म्हणाली. "आणि जागा तुम्ही ट्यूबची धरली होती."

"हो."

"पाइप पोटातून मोजतात, अहो. बाहेरून जास्त भरतो!"

गनीचं तोंड उघडं राहिलं. ते वाक्य आपल्याला कुणी ऐकवेल अशी त्याने कधी कल्पना केली नव्हती.

"किसन, सांगाडा सरकव!"

"कुठं सरकवू? तिकडं कपाट आहे, इकडं दार."

"मग एक जोड तोड!"

"तुटायचा नाही," किसन अभिमानाने म्हणाला. "एकजीव झालाय." आणि आपण काय बोललो हे कळून त्याचा चेहरा उतरला. "कापायचा ग्राइंडर खाली पिकअपमध्ये राहिला, गनीभाई."

तेवढ्यात वॉचमन येऊन नबिलाला आणि रेहानला जिन्याकडे घेऊन गेला. फट रिकामी झाली.

"आता रे?" अम्मींनी विचारलं. त्या सरळ झोपाळ्यावर जाऊन बसल्या. एक झोका घेतला आणि त्यांचे गुडघे कपाटावर आपटले. मग त्या नुसत्याच बसून राहिल्या.

अग्निशमन दलाची माणसं आली. "यल्ला, यल्ला, पीछे!" असं बाहेरून ऐकू आलं आणि दाराचे दोन तुकडे झाले. हेल्मेट घातलेला अधिकारी आत डोकावला. आग नव्हती. खोलीभर लोखंड होतं आणि त्यात एक म्हातारी बाई बसली होती.

"ये क्या है?"

"झूला," गनी म्हणाला.

"कमरे में?"

"अम्मी के लिए."

 मग अधिकाऱ्याने अम्मींना हाताला धरून, पुरातून सोडवून आणल्यासारखं, सांभाळून बाहेर काढलं.

खाली पार्किंगमध्ये अख्खी बिल्डिंग उन्हात उभी होती. कुणी टॉवेलवर, कुणाच्या केसांना अर्धी मेंदी. लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभी राहणारी माणसं आज पहिल्यांदाच एकमेकांकडे बघत होती. बिल्डिंगचा मॅनेजर गनीला झापत होता. संध्याकाळपर्यंत तो सांगाडा बाहेर गेला पाहिजे, दार नवीन बसलं पाहिजे, आणि पुन्हा असं झालं तर घरही खाली करावं लागेल. गनी मान हलवत होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर फक्त उद्याचं विमान होतं.

संध्याकाळी किसनने सांगाडा कापला. कापताना तो एकदाही हसला नाही. शेवटचा तुकडा खाली गेल्यावर गनी अम्मींच्या खोलीत आला. अम्मी आरशासमोर ओढणीला पिन लावत होत्या. त्यांची बॅग पलंगाखाली तशीच होती.

"अम्मी, झोपाळा गेला." गनी म्हणाला. "उद्या एअरपोर्टला किती वाजता निघू या?"

"एअरपोर्टला कशाला? ते तिकीट रद्द कर. खलास."

 नबिला बाळाला घेऊन धावत आली.

"खरंच, अम्मी? तुम्ही राहणार?"

"राहणार म्हणजे? राहावंच लागणार. खाली हाफिजा भेटली. सहाव्या मजल्यावरची. अगं, आपल्या रत्नागिरीच्या राजिवड्याची! इतके दिवस डोक्यावर राहतेय आणि पत्ता नाही. तिच्या सुनेला तीन महिन्यांनी बाळ होणार, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी शब्द दिलाय तिला, बाळंतपण होईपर्यंत हलणार नाही म्हणून."

नबिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. गनीने मनातल्या मनात मॅनेजरचे, अलार्मचे, दोन इंची पाइपचेसुद्धा आभार मानले.

"म्हणजे सोमवारी मी बिनधास्त ऑफिसला जाऊ ना?" नबिलाने विचारलं.

अम्मींनी चपला पायात सरकवल्या.

"सोमवारी नको गं. सोमवारी हाफिजाच्या सुनेला डॉक्टरने बोलावलंय, मी सोबत जातेय. तेवढी तू रजा वाढवून घे." आणि लिफ्टचं बटण दाबता दाबता त्यांनी मागे वळून सांगितलं, "आणि आज जेवायला माझी वाट बघू नका."