नोकर असल्याचा पुरावा

कनेरगाव नाक्यावरच्या उत्तमरावांच्या गॅरेजात रत्नपाल हार्वेस्टरच्या पोटाखाली उताणा पडून ऑइल सील काढत होता, तेव्हा टेबलावरचा मालकांचा फोन वाजला. उत्तमरावांनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर लावला. निम्म्या नाक्याला ऐकू गेल्याशिवाय त्यांना फोनवर बोलल्यासारखं वाटतच नसे.

"दिल्ली से बोल रही हूँ, कॅनडा के व्हिसा ऑफिस से. रत्नपाल जी आपके यहाँ नौकरी करते हैं?"

रत्नपालच्या हातातला पाना थांबला. चार महिने तो याच फोनची वाट पाहत होता. इंग्रजीची परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली होती, आयटीआयच्या कागदांची छाननी झाली होती, वयाचे आणि अनुभवाचे गुण जुळून डिझेल मेकॅनिक म्हणून कुशल कामगारांत त्याचा नंबर लागला होता. तिकडे कायमचं राहण्याचा परवाना आता एवढ्या एका चौकशीवर अडला होता. अनुभवाच्या पत्रावर उत्तमरावांनी ऐटीत सही ठोकली होती आणि फोनवर काय सांगायचं ते रत्नपालनं त्यांना दोनदा पढवलं होतं.

"नौकर?" उत्तमराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "कौन बोला नौकर? हमारा बच्चा है वो. घर का आदमी."

"मतलब रिश्तेदार हैं?"

"रिश्तेदार से बढ के."

"हफ्ते में कितने घंटे काम करते हैं?"

"घर के आदमी को कायके घंटे, मॅडम? काम आया तो किया, भूक लगी तो खाया."

"और छुट्टी?"

"अपने घर से कोई छुट्टी लेता क्या?"

रत्नपाल घाईघाईनं बाहेर सरकला, चासीवर कपाळ आपटून उभा राहिला, तोवर मॅडमनी आभार मानून फोन ठेवला होता. उत्तमरावांच्या चेहऱ्यावर मोठं दान केल्याचं समाधान होतं.

"काका, काय केलं हे? नोकर हाय म्हणून सांगायचं ठरलं व्हतं ना?"

"परक्या बाईजवळ तुला नोकर म्हणू? जीभ झडंल माझी."

आठव्या दिवशी मेल आला. पत्रात एक आणि फोनवर भलतंच, तेव्हा तीस दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. रत्नपाल तेहतीस वर्षांचा होता. पाच वर्षांनी वयाचे गुण इतके घसरले असते की नुसती इतरांच्या निवडीची यादी वाचायला मिळाली असती. म्हणजे आता त्याला पुरावा द्यायचा होता तो एवढाच, की नऊ वर्षं आपण नोकर होतो.

त्यानं घरी येऊन आईला सांगितलं. कमलबाई तुरीला भिडलेलं गवत दिवसभर उपटून आल्या होत्या आणि पाय पसरून बसल्या होत्या.

"घरचा म्हणले व्हय तुला?" त्यांनी विचारलं. "मग त्याह्यच्या पोरीच्या, मंजुषाच्या लग्नात तू कुठं व्हतास?"

"मांडवामागं. जनरेटरपाशी."

"जेवलास कवा?"

"पंगती उठल्यावर."

"अन् बाकीचे घरचे?"

रत्नपाल नखातलं ग्रीस कोरत बसला. कमलबाईच म्हणाल्या, "तुला नोकर म्हणायची लाज वाटती त्याह्यला. राबवायची न्हाई वाटत."

हे त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. उत्तमराव माणूस वाईट नव्हते. पगार वेळेवर बँकेत टाकायचे, आजारपणात डॉक्टरकडं न्यायचे. पण प्रेमाच्या नावाखाली त्यांनी या पोराची नऊ वर्षं अशी काही वापरली होती, की तक्रार करायला जावं तर आपणच कृतघ्न ठरावं. रत्नपालनं ठरवलं, आता कृतघ्न तर कृतघ्न ठरू.

दुसऱ्या दिवशी तो पावणेनऊला आला आणि बाहेरच्या दगडावर बसून राहिला. नऊ वाजता आत जाऊन त्यानं टेबलावर हजेरीचं कोरं रजिस्टर ठेवलं आणि अनुभवाच्या पत्राची प्रत भिंतीला चिकटवली.

"सही करा, मालक."

"मालक?" उत्तमरावांचा चहा कपातच राहिला. "काका म्हणायचास की रे."

"कामाच्या जागी मालकच बराबर."

तासाभरानं उत्तमरावांनी सांगितलं, की घरी बायकोचा, पार्वतीबाईंचा, गॅस संपला आहे, टाकी आणून दे. रत्नपालनं भिंतीकडं बोट केलं. "पत्रात आठ कामं लिहिलेली हायत. इंजिन हाय, गिअरबॉक्स हाय, हायड्रॉलिक हाय. गॅसची टाकी न्हाई." उत्तमराव हसले. त्यांना गंमत वाटली. दुपारी पार्वतीबाईंनी अंगणात चूल पेटवली आणि डबा तीन वाजता आला, त्यात भाकरी एका बाजूनं करपलेली होती, तेव्हा त्यांना थोडी कमी गंमत वाटली.

संध्याकाळी पंजाबहून हंगामाला आलेला भीमसिंग आपल्या हार्वेस्टरच्या उघड्या इंजिनासमोर उभा होता. फक्त चार बोल्ट कसायचे राहिले होते. रत्नपालनं हात पुसले.

"ओय, किधर?"

"सहा वाजले."

"मेरी सोयाबीन की बुकिंग खडी है सेनगाव में."

"मालकांना सांगा. माझी ड्यूटी संपली."

रविवारी तो आलाच नाही. त्या दिवशी उत्तमरावांच्या विहिरीवरची मोटर जळाली. नऊ वर्षांत ती मोटर रत्नपालखेरीज कुणी उघडलेली नव्हती. सोमवारी तिच्याबद्दल विचारताच त्यानं पुन्हा भिंत दाखवली. मंगळवारी पाव्हण्यांना स्टँडवरून आणायला नकार दिला. गुरुवारी भीमसिंग मशीन घेऊन कळमनुरीच्या मेकॅनिककडं निघून गेला.

उत्तमरावांना आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि राग आल्यावर त्यांनी सेनगावच्या वकिलाकडून टाइप करून आणलं: 'कामगार रत्नपाल यास ताकीद देण्यात येते की, त्याने कामाची वेळ संपताच गिऱ्हाइकास सोडून जाण्याचे वर्तन त्वरित थांबवावे.'

रत्नपालनं ते सावकाश वाचलं. 'कामगार' या शब्दावर त्याची नजर प्रेमानं थांबली.

"शिक्का राहिला, मालक."

उत्तमरावांनी टेबल हादरेल असा शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी दोन ताकिदी दिल्या. दुसरी फारच छान होती, तीत 'नोकर' हा शब्द तीनदा आला होता. रत्नपालनं बँकेचे उतारे, रजिस्टर आणि तिन्ही ताकिदींचं भाषांतर जोडून खुलासा पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी दिल्लीचा फोन पुन्हा आला. तोच आवाज, तोच स्पीकर. रत्नपाल गिअरबॉक्स उघडून बसला होता. या खेपेला त्यानं मालकांना काही पढवलं नव्हतं. पढवण्याइतकं बोलणंच उरलं नव्हतं.

"सर, पिछली बार आपने उन्हें घर का आदमी बताया था."

"गलती हुई," उत्तमराव गरजले. "नौकर है. पक्का नौकर. नऊ बजे आता, छह बजे पाना फेक के जाता. इतवार को शकल नहीं दिखाता. घर का आदमी ऐसा करता क्या?"

"और पहले? नौ साल से काम यही था?"

उत्तमराव उसळून काहीतरी बोलणार होते, पण नऊ वर्षं म्हटल्यावर अडखळले. त्यांनी भिंतीवरचं पत्र पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट वाचलं. "काम यही था," ते खालच्या आवाजात म्हणाले. "इस से जादा था. जादा का लिखा नहीं हम ने."

"मेकॅनिक कैसे हैं?"

"हिंगोली से वाशिम तक दुसरा नहीं."

"आखरी सवाल, सर. मौका मिले तो उन्हें दोबारा काम पर रखेंगे?"

महिनाभरात पहिल्यांदा उत्तमरावांनी मान वळवून रत्नपालकडं सरळ पाहिलं. "मेरे रखने का क्या है, मॅडम," ते म्हणाले. "उसको पूछना पडेगा." आणि फोन हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "काय रे, राहशील का पुन्हा माझ्याकडं?"

रत्नपालनं हातातला गिअर खाली ठेवला. हो म्हणणं सोपं होतं, सभ्यही होतं. भीतीही होती, की नाही म्हटलं तर मॅडम काय लिहितील.

"न्हाई," तो म्हणाला.

"नहीं बोलता, मॅडम," उत्तमरावांनी कळवलं. "लिख लो."

मॅडमनी लिहून घेतलं असावं. अकराव्या दिवशी मंजुरी आली. रत्नपाल ती दाखवायला गेला, तेव्हा उत्तमराव स्वतःच एका ट्रॅक्टरचं चाक काढत बसले होते आणि नट फिरत नव्हता. त्यांनी फोनवरचा कागद लांब धरून वाचल्यासारखं केलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. मग बराच वेळ नटाशी झटून झाल्यावर न राहवून म्हणाले, "पण त्या बाईम्होरं तोंडावर न्हाई म्हणलास. काहून रे? इतकं वाईट वागलो का मी?"

रत्नपालनं त्यांच्या हातातला पाना घेतला आणि नट ढिला करून दिला.

"नऊ वर्षांत पयल्यांदाच इचारलं तुमी, मालक."