अळूच्या पानासारखी भिंत

कारेगावच्या भिमाजी गुरुजींनी आयुष्यात एकदाच छातीठोकपणे सांगितलं, "या भिंतीवरची नावं अपेक्षाची नातवंडंसुद्धा वाचतील!"

अपेक्षा त्यांची नात. आज तिची हळद. दर्शनी भिंतीवर वधूवरांची नावं लिहायचा मान गुरुजींच्या वळणदार अक्षराला मिळाला होता. नावं पुसू नयेत म्हणून त्यांनी अपेक्षा नोकरीला होती त्या कारखान्यातून अळूच्या पानासारखा पाणी झटकणारा द्राव आणवला. तो फासायचा होता नावं लिहून झाल्यावर. पण गुरुजी मासिकात नव्या शोधांबद्दल वाचत होते: भेग आपोआप भरणारं काँक्रीट, जुना आकार आठवणारी तार, धुराइतका हलका ठोकळा. त्या तंद्रीत त्यांनी द्राव आदल्या दिवशीच फासून टाकला.

सकाळी कुंचला टेकवला. 'अ' क्षणभर थरथरला, त्याचे मोती झाले आणि घरंगळत पायरीवर आले. गुरुजींनी हळहळायला हवं होतं. पण प्रत्येक मोत्यात इवलंसं आभाळ होतं! कधीच न भिजणारी पुस्तकं, धूळ न बसणारी झाडं... असं गाव मनात वसवेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. भिंत कोरीच.

यवतहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याची आत्या दगडाबाई निघाली होती. लग्नघराची खूण म्हणून तिला रंगवलेली भिंत सांगितली होती. पुढच्या आळीत दुसरं लग्न होतं. तिथली भिंत झकास रंगलेली. गाडी तिथंच थांबली.

हे कळलं तेव्हा गुरुजींचा मुलगा पोपटराव शांतपणे म्हणाला, "आबा, ती हळद लागल्याबिगर पोरीला अंघोळ न्हाई. भिंत तुमची, आता हळदबी तुमीच आना."

गुरुजी निघाले. 'माफ करा, ही हळद आमची आहे,' हे वाक्य वाटेत सतरा वेळा घोकलं. तासाभरानं ते एकटेच परतले. डोक्याला फेटा, मान खाली.

"बोललात का?" पोपटरावानं विचारलं.

"बोलणारच होतो. त्यांनी तोंडात लाडू घातला."

"आन् पाहुणे?"

"जेवायला बसलेत. आग्रह फार."

"हळद?"

"त्यांच्या नवरीची कधीच झाली होती. मग आपली वाटी..." गुरुजींनी मान वर केली. गाल, कान, नाकाचा शेंडा, सगळं पिवळंधमक.

पोपटरावानं कपाळाला हात लावला. अपेक्षा मात्र पाट घेऊन आली, आजोबांसमोर बसली आणि तिनं आपला गाल त्यांच्या गालाला लावला.

"हलू नका, आबा," ती म्हणाली. "आता दुसरा गाल."