न उघडणारं कुलूप

गायकवाडकाका कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची विचारपूस करत, मग माणसांची. वांगणीला एका लग्नात सगळे नवरानवरीला बघायला मांडवात, आणि काका मागच्या बाजूला, भांड्यांच्या खोलीच्या कुलपापुढे उकिडवे. मला म्हणाले, "नवरीला काय, जेवताना बघू. हे बघ शोभा, बाहेरून साधं, पण आत लय खोल हाय."

बदलापूरला शिरगावात आमच्या समोरच्याच दारात ते राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. जन्म गेला अंबरनाथच्या एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात. निवृत्त झाल्यावर बोटं स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी हा छंद लावून घेतला: चावीशिवाय कुलूप उघडणं. तेही भारीतलंच हवं. खोक्यावर जितक्या मोठ्या बढाया, तितके काका खूश. बिल्डिंगमधल्या सगळ्या मोडक्या छत्र्या त्यांच्याकडे जात. छत्रीच्या काड्या कानशीने घासून त्यांनी हत्यारं केली होती, आणि ती ते चष्म्याच्या घरात ठेवत. चष्मा त्यामुळे कायम हरवलेला.

सुरुवातीला बिल्डिंगला घामच फुटला. पण काकांचा नियम कडक होता. मालक घरात असेल तरच कुलपाला हात लावायचा, उघडलं की लगेच पुन्हा लावून टाकायचं आणि आत पाऊल ठेवायचं नाही. त्यांच्या स्वतःच्या दाराला मात्र नुसती कडी. "माझ्याकडे चोर काय नेणार? कुलपं?"

उल्हासनगरच्या बाजारातला एक सिंधी दुकानदार त्यांचा जानी दुश्मन. "साईं, ये तो नहीं खुलेगा," म्हणत तो नवं कुलूप काउंटरवर ठेवायचा, आणि काका त्याचाच चहा पीत ते उघडायचे. घाई कधीच नाही. कान कुलपाला लावून पुटपुटत राहायचे, "ढकलायचं नाय. विचारायचं."

अशा माणसाला हरवलं ते आमच्या कुलपाने. मी दाराला कंप्युटर चावीचं लॅच बसवलं. ती चपटी, दोन्ही बाजूंना खड्डे असलेली चावी बघून काका हरखलेच. पुढच्याच रविवारी सकाळी अंघोळ करून हजर. आईने आतून दार लावून घ्यायचं आणि समोर खुर्ची टाकून बसायचं. बाहेर बराच वेळ खुडबूड चाले. मग आवाज येई, "नाय वहिनी, आज पण नाय!" आई दार उघडे, चहा टाके, आणि हरलेले काका तासभर आमच्याकडे बसत. नातवाचं बोबडं बोलणं, बायकोच्या हातचं सुकट, सगळं त्या तासात निघे. असे कितीतरी रविवार गेले. मी चिडवायची, "काका, कळवू का दुकानदाराला?"

"कळव. कुलूपच तसलं हाय."

एका दुपारी गॅसवर दूध ठेवून मी शेजारी वाटी परत द्यायला गेले आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. चावी आत. आई आतल्या खोलीत झोपलेली, कानातलं मशीन काढून. दार बडवून बडवून हात दुखले. मग उतू गेलेल्या दुधाचा वास आला, आणि पाठोपाठ गॅसचा.

"काका!"

ते बनियनवरच धावत आले. दारापाशी वाकून वास घेतला मात्र, चेहराच बदलला. "बेलला हात लावू नको," एवढंच बोलले. चष्म्याच्या घरातून दोन काड्या निघाल्या. कान लावणं नाही, पुटपुटणं नाही. मी देवाचं नाव घेईपर्यंत दार उघडलेलं होतं.

गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आत धावले. आई घोरत होती. इतकं गोड घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी तिच्या गळ्यात पडून रडायला लागले, तर ती दचकून उठली आणि म्हणाली, "कोण गेलं गं?"

बाहेर आले तर काका उंबऱ्यापलीकडेच उभे.

"काका, पण हे तर तुम्हाला उघडत नव्हतं ना?"

ते गोरेमोरे झाले. "आज नशीब लागलं," म्हणाले आणि चहालाही न थांबता घरात गेले.

पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. आई सकाळपासून दाराकडे बघत होती.

"आता कशाला येतील?" मी म्हटलं. "उघडलं ना कुलूप."

"ते तर दिवाळीआधीच उघडलं होतं त्यांनी," आई म्हणाली. "मी इथेच बसले होते. आतली मूठ हळूच फिरली, आणि हळूच परत जागेवर आली. मग बाहेरून म्हणाले, नाय वहिनी, आज पण नाय."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? चहा टाकला."

मी तशीच उठले, उल्हासनगरला गेले आणि त्या दुकानदाराकडचं सगळ्यात अवघड कुलूप घेऊन आले. काकांनी दारातच खोकं उघडलं, कुलूप उजेडाकडे धरलं, चावी फिरवून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"लय अवघड हाय, शोभा," ते म्हणाले. "वरीस पण लागंल."

"लागू दे," मागून आई म्हणाली. मशीन लावून ती आमच्या दारात उभी होती. "पण आधी चहा घ्या. आधण उकळतंय."

काकांनी कुलूप परत खोक्यात ठेवलं, चपला घातल्या आणि हातात एकही काडी न घेता आमच्याकडे आले. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा माझा जीव भांड्यात पडला.