मधलं जाऊ द्या

"बागेत पाणी भरत होतो. मागे वळून पाहतो तं काय! दीड हाताचा फणा काढून नाग उभा. माझा उजवा पाय हवेत..." इथे नाना थांबतात, तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवतात आणि म्हणतात, "मधलं जाऊ द्या. दहा वर्षं फुढे चला. त्या जागेवर आता आपली बोअर हाये."

अरे, पण नाग? तो चावला का? पायाचं काय झालं? पारावरची माणसं हात जोडतात. नाना शांतपणे म्हणतात, "चावला असता तं मी आता बोललो असतो का?"

सावद्यात आमच्या शेजारी राहणारे हे नाना म्हणजे जन्मभर केळीत रमलेला माणूस. कंद मातीत ठेवला की यांना लटकलेला घड दिसतो. मधली खतं, पाणी, वारा यांचं त्यांना काही नाही. गेल्या काही वर्षांत गोष्टीही तशाच झाल्या. एकदा डॉक्टरांकडे गेले. "रात्री छातीत कळ आली. जाऊ द्या, फुढे चला. आता बरं हाये." डॉक्टर म्हणाले, "मग आलात कशाला?" नाना म्हणाले, "तुमची भेट झाली नव्हती बऱ्याच दिवसांत." माझ्या बायकोने त्यांना भरीत कसं करतात ते विचारलं. "वांगी भाजाले ठेवली. अर्धा तास फुढे चला. बोटं चाटली." त्या दिवशी आम्ही खिचडी खाल्ली.

मी पडलो मराठीचा मास्तर. 'घटना योग्य क्रमाने लिहा' हा प्रश्न मी दर परीक्षेत काढतो. माझ्यासारख्याच्या भिंतीला भिंत लावून असा माणूस राहावा, हा छळच. त्यातही एका गोष्टीने माझा जीव खाल्ला होता. "धुळ्याले पोरगी पाहाले गेलो. ती चहा घेऊन आली. कप ठेवला अन् माझ्याकडे पाहून असं काही बोलली, असं काही बोलली... जाऊ द्या. चाळीस वर्षं फुढे चला."

काय बोलली? मी हट्टाला पेटलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी नानांकडे जाऊन बसायचं आणि मधलं काढून घ्यायचंच, असं ठरवलं.

ती पोरगी म्हणजे अक्का, नानांची बायको. हल्ली त्यांना फारसं आठवत नाही. सकाळी जेवल्या की नाही, ते दुपारी विचारतात. झोपाळ्यावर बसलेल्या असतात आणि नाना समोर बसून त्यांना त्यांचाच संसार सांगत असतात. मी गेलो तेव्हा गाडी नेमकी चहाच्या कपावर आली होती.

"...कप ठेवला अन् तू बोलली. जाऊ दे, फुढे..."

"हाई मानूस असाच शे!" अक्का मला म्हणाल्या. माहेर सोडून इतकी वर्षं झाली, पण बोली धुळ्याचीच. "मी बोलनू, चहा मी नही करेल, वहिनीनी करेल शे. खोटं कशाले बोलू?"

मी टाळीच वाजवली. मिळालं मधलं! वाटलं, आता रोज येऊन सगळ्या गोष्टी पुऱ्या करून घेऊ.

नाना सांगत राहिले. पहिली बाग, पहिली मुलगी. बेबी रांगायला लागली, बेबी केळीच्या पानाखाली लपून बसायची, बेबीला पिवळा फ्रॉक आणला. अक्का डोळे मिटून हसत होत्या. "अन् मंग पाच वर्षं फुढे चाल. सुधाकर झाला."

सुधाकरला मी ओळखतो, पुण्यात असतो. बेबीचं नाव मात्र त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. नाना माठाकडे उठले तसा मी मागे गेलो. "नाना, आज सोडणार नाही. बेबीचं काय झालं?"

नानांनी आधी झोपाळ्याकडे पाहिलं. "तापानं गेली. तीन वर्षांची होती." मग हळू म्हणाले, "अक्का इसरली हाये, मास्तर. एकदा इचारलं तं मी खरं सांगितलं. आजच गेली असं रडली. दोन दिवस घास नाही घेतला. तिसऱ्या दिवशी पुन्हा इचारलं, बेबी कुठी हाये?"

"मग?"

"मग उडी मारली. पण एकाच जाग्यावर उडी मारली तं तिले संशय यीन ना! म्हणून बठ्ठ्याच गोष्टीत मारतो. नागाच्या बी अन् भरताच्या बी. लोक हसले तं हसू द्या. आपण ठरवलं ते ठरवलं."

माझी मान खाली गेली. या माणसाला मी गावभर चिडवलं होतं.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. नाना पाणी आणायला आत होते. अक्कांनी मला जवळ बोलावलं.

"गुरुजी, तुम्ही पोरेसले शिकाडतस. हाई मानूस नुसता उड्या मारस. पिवळा फ्रॉक आना, मंग मनी बेबीनं काय व्हयनं? मधलं तुम्ही सांगा."

नाना पेला घेऊन दारातच थांबले.

मी मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "मधलं जाऊ द्या हो अक्का! पाच वर्षं फुढे चला. सुधाकर झाला!"

अक्का खळखळून हसल्या. "घ्या! मास्तरले बी लागनी सवय!"

"अन् काय गोरापान होता सुधाकर," असं म्हणत नाना आले आणि त्यांनी पेला अक्कांच्या हातात दिला.