धोंडूमामांचा खड्डा आणि काठावरची मतं

एका जंगलात, म्हणजे खरं तर जंगलाच्या कडेला, जिथे आत जागा न मिळालेले प्राणी ‘इथे हवा चांगली आहे हो’ असं एकमेकांना सांगत राहतात, तिथे एक खड्डा होता.

हसू नका, बाळांनो. तुमच्या घरासमोरही एक आहे, ठाऊक आहे मला. पण तुमच्या खड्ड्यात पाणी आहे. या खड्ड्यात कासव होतं.

वस्तीचं नाव मधुवन विस्तार. मधुवन कुठे होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण विस्तार मात्र जोरात झाला होता. वस्तीतून तळ्याकडे जाणारा एकच रस्ता. त्या रस्त्याच्या बरोबर मधोमध घुशींनी पाण्याची नळी टाकायला खड्डा खणला. नळी आणायचं काम सशांकडे होतं. खड्डा खणून झालाय हे सशांना कळवायचं काम कोणाकडेच नव्हतं. त्यामुळे काम अगदी वेळेत थांबलं.

आता कासवाकडे वळू. त्यांचं नाव धोंडूमामा. राहणार पलीकडच्या ओढ्यावरचे. तळ्यावर त्यांच्या भाचीचं, रेवतीचं, लग्न होतं. मुहूर्त गोरज. आणि तुम्हाला माहीतच आहे, मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. मामाशिवाय मुलगी जागची हलत नाही आणि मुलगी हलल्याशिवाय भटजींना मंगलाष्टका सुरू करता येत नाहीत. म्हणजे सगळं लग्न एका कासवाच्या चालीवर अवलंबून. मुहूर्त ठरवताना हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा सगळे जेवणाच्या यादीवर भांडत होते.

मामा मात्र शहाणे. ते फार आधीच निघाले. गुलाबी फेटासुद्धा घरूनच बांधून निघाले. पोचल्यावर फेटा बांधायला वेळ मिळेल अशा भ्रमात कासवं राहत नाहीत.

तळं नुसतं एका उतारावर राहिलं होतं. मामांनी मान वर करून मांडवाचं तोरण पाहिलं, आनंदाने ‘आलोच गं रेवती’ म्हणाले, आणि धप्पकन खड्ड्यात गेले.

“अहो, कोणी आहे का?” मामांनी हाक मारली.

पहिल्या आल्या सुलभाताई साळिंदर. त्या सकाळचा फेरा मारायला निघाल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

“अगंबाई! पडलात?”

“पडलो, ताई.”

“मी म्हणतच होते!” सुलभाताई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आपण म्हणत होतो ते खरं झाल्याचा आनंद पोरंबाळं झाल्याच्या आनंदाच्या जरासाच खाली असतो. त्या तशाच धावत वसंतराव कोल्ह्यांना बोलवायला गेल्या. वसंतराव निवृत्त होते. कशातून ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ते निवृत्त झाल्याचं रोज सांगत.

वसंतरावांच्या मागोमाग आल्या कमलिनीबाई. कमलिनीबाई म्हणजे हत्तीण. मनाने लोण्यासारख्या, अंगाने डोंगराएवढ्या. त्यांना पाहून मामांचा जीव भांड्यात पडला.

“बाई, तेवढी सोंड खाली सोडता का? आज माझ्या रेवतीचं लग्न आहे हो.”

“सोडते की! त्यात काय एवढं!” कमलिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सोंड खाली सोडलीसुद्धा. मामांनी तोंड उघडलं. आता धरणार, एवढ्यात आकाशातून कोणी किंचाळलं.

“थांबा! कोणी काही करू नका!”

बाळांनो, ही गोष्ट इथेच संपली असती. कासव बाहेर, लग्न झोकात, आणि आपण सगळे जेवायला मोकळे. पण टिटवी आली.

टिटवी ‘रानखबर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायची. त्यात ‘रहिवासी म्हणतात’ असं सदर होतं. रहिवाशाचं नाव, रहिवाशाचं मत आणि रहिवाशाचा फोटो. वस्तीतले प्राणी पेपर उघडायचे ते थेट त्या पानावर, आणि स्वतःचा फोटो नसेल तर पेपर दर्जाहीन झालाय म्हणायचे. पण बिचाऱ्या टिटवीला विषयच मिळत नव्हते. मागच्या अंकाचा विषय होता, ‘हल्ली संध्याकाळ लवकर होते का?’ त्यावरही दोन गट पडले होते.

“कासव बाहेर काढू नका!” टिटवी धापा टाकत म्हणाली. “रिकाम्या खड्ड्याचा फोटो नुसता काळा येतो. आत कोणी असलं की समस्या कशी उठून दिसते! कमलिनीबाई, आधी तुमचं मत सांगा. मग काढा हवं तर.”

कमलिनीबाईंना आजवर कोणी मत विचारलं नव्हतं. सगळे त्यांना ओंडके उचलायला सांगत. त्यांचे कान लाजून हलायला लागले. त्यांनी सोंड वर घेतली, घसा साफ केला आणि म्हणाल्या, “मला वाटतं, सोंडेने ओढून काढणं हा तात्पुरता उपाय आहे. आपण मुळाशी गेलं पाहिजे.”

“वा!” टिटवी म्हणाली.

“वा!” वसंतराव जरा हेव्याने म्हणाले.

“अहो, मुळाशी मी आलोय ना!” मामा खालून म्हणाले. पण ते कोणी ऐकलं नाही.

मग फोटो. अशा फोटोचा एक रिवाज असतो, तुम्ही पाहिला असेल. रहिवाशाने खड्ड्याच्या काठावर उभं राहायचं, कपाळाला आठी घालायची आणि खड्ड्याकडे बोट दाखवायचं. नाहीतर वाचकांना खड्डा कुठला आणि रहिवासी कुठला ते कसं कळणार? कमलिनीबाईंना बोट नव्हतं. त्यांनी सोंडेने खड्डा दाखवला. सोंड बरोबर मामांच्या नाकासमोर आली. मामांनी चटकन मान लांब केली.

“मामा, हलू नका!” सगळे ओरडले. “फोटो बिघडेल!”

मामा हलले नाहीत. लहानपणापासून वळण चांगलं होतं, तेच नडलं.

मग वसंतरावांनी मत दिलं. “मुळात खड्डा होण्याआधी आम्हाला विश्वासात घेतलं नाही. मी निवृत्त असल्यामुळे मला वेळ होता.” मग सुलभाताई पुढे आल्या. “मी स्पष्ट बोलते. आम्ही रहिवासी इतके दिवस याच रस्त्याने जातो. कधी पडलो का? बाहेरचे लोक येतात आणि आमच्या खड्ड्यात पडतात. त्याने वस्तीचं नाव खराब होतं.”

तेवढ्यात अण्णा रानडुक्कर हजर झाले. अण्णा येत्या निवडणुकीला उभे राहणार होते, आणि त्यामुळे हल्ली कुठेच बसत नव्हते. त्यांनी खड्ड्याला एक चक्कर मारली, चिखलाकडे अंमळ प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, “मी खड्ड्याच्या विरोधात नाही. मी खड्ड्याच्या बाजूनेही नाही. मी ठामपणे खड्ड्याच्या काठावर आहे!”

टाळ्या पडल्या. बहुतेक अण्णांच्याच.

“माझंही मत घ्या की,” मामा म्हणाले. “माझं मत आहे की मला बाहेर काढावं.”

“तुम्ही इथले रहिवासी का?” टिटवीने विचारलं.

“नाही. मी ओढ्यावरचा.”

“मग कसं घेणार? सदर रहिवाशांचं आहे.”

“अहो, पण या खड्ड्यात सध्या मीच एकटा राहतोय!”

यावर अर्थातच वाद झाला. खड्ड्यात राहणारा हा वस्तीचा रहिवासी धरायचा की नाही? वसंतरावांचं म्हणणं, धरला तर उद्या कोणीही येऊन पडेल. वाद असा रंगला, असा रंगला, की कमलिनीबाईंनी घरून सगळ्यांसाठी ऊस आणला. मामांनाही एक कांडकं खाली टाकलं. माणुसकी म्हणतात ती हीच.

ऊन उतरलं. तळ्यावर सनई सुरू झाली, बेडकांचा चौघडा वाजू लागला. आणि वाऱ्यावर बगळेभटजींचा आवाज आला. “मुलीचे मामा! मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!”

मग थोडा वेळ गेला. आणि पुन्हा तोच आवाज, या वेळी जरा घाईचा. “अहो, मामा आलेत का कोणी पाहिलं?”

धोंडूमामांच्या डोळ्यांना धार लागली. “रेवती एवढीशी होती,” ते म्हणाले. “पाण्याला भ्यायची. कासवाची पोर, आणि पाण्याला भ्यायची! मी तिला पाठीवर घेऊन तळ्यात फिरवायचो. काल तिचा निरोप आला, मामा, तू नाही आलास तर मी बोहल्यावर चढणार नाही. ती बसून राहील हो. ती माझ्यासारखीच हट्टी आहे.”

काठावर सुलभाताईंनी डोळे पुसले. कमलिनीबाई तर हुंदके देऊन रडल्या. त्यांचा आवाज फार मोठा होता म्हणून तळ्यावरची सनई एकदा चुकली.

“किती छान बोललात!” टिटवी गहिवरून म्हणाली. “अजून एकदा रडता? उजेड आहे तोवर घेऊन टाकू. आणि सगळ्या रहिवाशांचा मिळून एक फोटो! पहिल्या पानावर! मामांच्या दुःखात वस्ती सहभागी!”

पहिलं पान म्हटल्यावर काय विचारता! सगळे काठावर धावले. वसंतराव सुलभाताईंच्या पुढे उभे राहिले. सुलभाताईंनी त्यांना मागून जरासं टोचलं. ते उडी मारून अण्णांच्या अंगावर गेले. अण्णा म्हणाले, मला मध्ये घ्या, मी सगळ्यांचा आहे.

“सगळ्यांनी बोट दाखवा!” टिटवी ओरडली. “थोडं पुढे! कमलिनीबाई, तुम्ही मागे दिसत नाही आहात. पुढे या!”

कमलिनीबाई मागे दिसत नव्हत्या असं जगात कधी झालं नसेल. पण पहिल्या पानाच्या ओढीने त्या पुढे आल्या. एक पाऊल आल्या. काठ म्हणाला, कर्र. मग त्यांनी दुसरं पाऊल टाकलं.

काठ गेला! माती, ऊस, अण्णा, वसंतराव, सुलभाताई आणि सगळ्यांच्या आधी कमलिनीबाई, असे सगळे घरंगळत खाली. सुलभाताई वसंतरावांवर पडल्या. वसंतरावांनी त्यावर जे मत दिलं ते टिटवीला छापता आलं नाही.

मामांनी हातपाय आत घेतले होते. धूळ बसल्यावर त्यांनी मान बाहेर काढली. समोर कमलिनीबाईंची सोंड पसरलेली होती, अगदी जमिनीला लागून. सोंडेपासून डोकं, डोक्यापासून पाठ, पाठीवर अण्णा, आणि अण्णांच्या वर रस्ता.

“माफ करा हं, बाई,” असं म्हणत मामा चढू लागले. “माफ करा, अण्णा. जरा पाय लागतोय.” वर पोचल्यावर त्यांनी फेटा सारखा केला, उताराकडे पाहिलं, पाय आत ओढले आणि स्वतःला सोडून दिलं.

असं कासव कोणी पाहिलं नव्हतं! गुलाबी फेट्याचं वेटोळं गडगडत, उड्या मारत, तोरणाखालून थेट मांडवात आलं आणि रेवतीच्या पायाशी थांबलं.

“किती उशीर रे, मामा!” रेवती म्हणाली, आणि रडायचं सोडून हसायला लागली. मामांनी तिचा हात धरला. बगळेभटजींनी तार सप्तकात सुरुवात केली, बेडकांनी चौघडा बडवला, आणि मामा त्या दिवशी इतके नाचले की वऱ्हाडाला वाटलं ते जागेवरच हलताहेत.

आणि रहिवासी? ते खड्ड्यातच होते. कमलिनीबाईच खाली असल्यामुळे त्यांना ओढून काढणारं कोणी उरलं नव्हतं. पण काळजी करू नका, सगळे मजेत होते. टिटवी काठावर बसून प्रत्येकाचं मत घेत होती. दुसऱ्या दिवशी रानखबरच्या पहिल्या पानावर त्यांचा भलामोठा फोटो आला. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, आणि सगळ्यांची बोटं वर.

खाली लिहिलं होतं : ‘रस्ता फार उंचावर बांधल्याने रहिवासी संतप्त.’

तात्पर्य : समाजाच्या आधाराशिवाय कोणीही वर येत नाही. म्हणून बाळांनो, कधी खड्ड्यात पडलात तर लोकांना मदत मागून त्यांचा वेळ घेऊ नका. त्यांना मनमोकळं मत मांडू द्या, पुढे पुढे येऊ द्या, आणि ते खाली पडले की त्यांचा आधार घ्या.