ठोकून पाहणारा रशीदभाई

आमचा शेजारी रशीदभाई कोणाच्याही दारी गेला की कडी वाजवत नाही. काठीनं तीनदा ठोकते, चौकटीले कान लावते आन् वर पाहते. दार असो, विजेचा खांब असो, नाही तं कोण्या जावयाची नवी गाडी. असा माणूस अख्ख्या नांदगाव खंडेश्वरात दुसरा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

सारी उमर त्यानं मेळघाटच्या जंगलात चौकीदारी केली. वठलेलं झाड तोडायच्या आधी हा बुंधा ठोके. ढोलीत उडती खार असली तं मुंडकं बाहेर काढे. मुंडकं दिसलं की हा बुंध्याले पाठ लावून उभा. मोठा साहेब आला तरी तेच, "पयले मले तोडा!"

एकदा शाळेत त्याले पाहुणा म्हणून बोलावलं. हेडमास्तर शेकरूचं कौतुक करून राहिले होते. राज्याचा प्राणी, केवढी शेपटी! रशीदभाई मधातच उठला.

"शेकरूले काय, गुरुजी! दिवसा बोंबलते, साऱ्याइले दिसते. पाच-सहा घरटे बांधते, एक पडलं तं दुसऱ्यात जाते. उडतीले एकच ढोली, तेही जुन्या झाडात. दोघंही सरून राहिले, पन हिचं सरलेलं कोनाले समजत नाही!"

पोट्ट्याइनं टाळ्या पिटल्या. हेडमास्तरचं भाषण राहूनच गेलं.

गावाचीही त्यानं अशीच वाटणी केली. बोलका तो शेकरू, मुका तो उडती. सोताले शेकरू म्हणवते, आन् तोंड पाहता खरंच हाय ते.

माझी बायको गंगू वारली आन् मी दार लावून घेतलं. खाणं नाही, बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी भरदुपारी ठक, ठक, ठक.

"जाय बे, रशीद!"

"मुंडकं दाव."

"मेलो नाही मी!"

"आवाजावर भरोसा नाही. मुंडकं दाव."

दावलं. तो गेला. चहा नाही, समजावणं नाही. तवापासून रोज हेच. त्याच्यापायी मी जित्ता हावो, हे सांगाले मले लाज नाही.

परवा मी इचारलं, "तुयी बायको जाऊन किती वर्सं झाले. तुले कोन ठोकते?"

तो हासला. "मी शेकरू ना, भाऊ. शेकरूले कोन ठोकते? ते तं दिसतेच."

काल दुपारी मीच आधी निघालो. गंगूची काठी घेतली, त्याच्या दारावर तीनदा ठोकली, कान लावला.

"हावो ना बे जित्ता!" आतून आवाज.

"मुंडकं दाव."

दार उघडाले त्यानं लय वेळ लावला. डोये ओले होते.

मुंडकं दिसलं. मी घरी आलो.